तांबड्या पट्टीची कंपनी

फहाद सकाळी आला, दुकानाच्या मधोमध उभा राहिला आणि बोटाने हवेत एक रेघ मारली. रेघेच्या अलीकडे माझा कॅमेरा, पलीकडे मोबाईलची कव्हरं. "बाबा, पीछे का कबर्ड खाली करो. पुराना सब खलास," एवढं बोलून तो गाडी काढायला पळाला, कारण ती त्याने नेहमीप्रमाणे दुसऱ्याच्या दारात लावली होती. स्टुडिओ त्याचा, लायसन्स त्याचं, तेव्हा रेघही त्याचीच. बहरीनमधल्या नईम भागातल्या ह्या गल्लीत फोटो काढता काढता माझं उभं आयुष्य गेलं, पण म्हणून भिंतीतला एक खिळाही माझा होत नाही.

चीड आली. भांडायचं तर समोर कुणी लागतं, आणि माझ्यासमोर दिवसभर एक रिकामं स्टूल असतं. म्हणून चीड आली की मी काम काढतो. दुपारी गल्ली उन्हाने ओस पडली, तेव्हा शटर अर्धं ओढलं आणि मागचं कपाट उपसायला घेतलं. कारंजी रंगवलेला पडदा निघाला. प्लास्टिकची गुलाबं निघाली, त्यांच्यावर एवढी धूळ की खरी वाटावीत. तळाशी काळा कोट होता, खांद्यातून कापूस बाहेर आलेला, आणि कोटाच्या खिशात घडी घातलेली ती पट्टी.

गर्द तांबडं रेशीम आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके. हा स्टुडिओ ज्याने चालू केला तो माझा जुना शेठ जमालुद्दीन, केरळचा माणूस. एक इंग्रज कुटुंब बहरीन सोडून मायदेशी निघालं आणि त्यांनी बंगल्यातलं सामान विकायला काढलं, तेव्हा कोट आणि पट्टी त्याने उचलून आणली. तो तिला 'क्रवॅट' म्हणायचा. साहेबलोक पूर्वी टायच्या जागी घालायचे, म्हणे. गळ्याला एक वेढा, समोर एक पलटी, मग पुढचा भाग फुगवून शर्टाच्या आत खोचायचा. त्यांच्या देशातसुद्धा तिची फॅशन कधीच मेली होती. आपल्या हिंदी सिनेमातला श्रीमंत बाप ती घालून जिना उतरायचा आणि पोरीचं गरिबाशी लग्न होऊ द्यायचा नाही, तोही पुढे दिसेनासा झाला. ती जिवंत राहिली ती आमच्या नईममध्ये.

कारण टाय आमच्या गिऱ्हाइकांना चालायचाच नाही. टायला धड कॉलर लागते, कॉलरला वरचं बटण लागतं, आणि दोन्ही शाबूत असलेला माणूस आमच्याकडे सहसा फिरकायचा नाही. यायचे ते गवंडी, सुतार, ड्रायव्हर, शुक्रवारची अंघोळ करून, डोक्याला चपचपीत तेल लावून. कॉलर विरलेली, उन्हाने गळ्याचे दोन रंग झालेले. क्रवॅट सगळ्यावर पांघरूण घालायची. वरून कोट चढवला की गुहागरचा गडी बघता बघता साहेब व्हायचा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. म्हणणाऱ्याने आमच्या जमालुद्दीनचा कोट पाहिला नव्हता. मग तो फोटो गावी जायचा आणि ओटीच्या भिंतीवर लागायचा. पट्टी बांधायचं काम माझं. रत्नागिरी जिल्ह्यात किती भिंतींवर माझ्या हातच्या गाठी लटकताहेत ते एक देवाला ठाऊक.

पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि साहेब व्हायला कुणाला माझी गरज उरली नाही. जमालुद्दीन गावी गेला आणि तिकडेच वारला; स्टुडिओ फहादकडे आला. आता लोक येतात ते कुठल्यातरी कार्डाच्या फोटोला. केस कानामागे करतात, चेहरा पुढे करतात, पैसे टेकवतात, जातात. कधी कधी शटर ओढताना लक्षात येतं की आज दिवसभरात 'सीधा देखो' सोडून आपण काही बोललोच नाही. मला एकटं वाटतं. साठीच्या माणसाने असलं बोलू नये, पण वाटतं ते वाटतं.

पट्टी झटकून मी आरशाच्या खिळ्याला लावली. तेवढ्यात शटरखालून एक मुलगी वाकून आत आली. अंगावर हॉस्पिटलचा निळा ड्रेस, खांद्याला बॅग, घामाने लाल झालेलं तोंड.

"अंकल, फोटो होगा? लायसन्स के लिए, व्हाईट बॅकग्राउंड."

"होगा. बैठो."

ती बसली नाही. आरशाकडे गेली, केस नीट करायला असेल म्हणून मी दिवे लावायला वळलो. बराच वेळ काही हालचाल ऐकू आली नाही म्हणून मागे पाहिलं, तर बाई आरशात बघतच नव्हती. त्या पट्टीसमोर उभी होती. बोटाने तिने एक ठिपका चाचपला, आणि तोंडातून निघालं ते मराठी.

"हीच ती."

"मराठी का गं तू?" मी विचारलं.

ती चमकली. "हो. रंजिता आग्रे. गुहागरची. इथे सलमानियाला, हॉस्पिटलात नर्स आहे." आणि श्वास न घेता तिने विचारलं, "काका, ह्या कंपनीचं ऑफिस कुठे आहे?"

"कुठल्या कंपनीचं?"

"ही ज्यांच्या युनिफॉर्मची आहे त्यांचं."

मला हसू फुटलं. चांगलं खो खो हसलो. कितीतरी दिवसांत हसलो नव्हतो, त्यामुळे आवरायलाही येईना. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

तिने फोनवर एक फोटो काढून दाखवला. भिंतीवरच्या फ्रेमचा होता. कोकणातल्या ओलीने त्याला बुरशी धरली होती आणि बुरशीने नेमका चेहरा खाल्ला होता. एक कान, थोडे केस, हनुवटीची कड तेवढी शिल्लक. खाली मात्र कोट आणि तांबडी पट्टी, कालच बांधल्यासारखी.

"हे माझे बाबा. विठ्ठल आग्रे," ती म्हणाली. "मी पाळण्यात होते तेव्हा ते बहरीनला आले. दुसऱ्या वर्षी तापाने गेले, इथेच. त्यांच्या कागदांवर कुठल्यातरी दुकानाचं नाव होतं, मी शोधलं, ते दुकान कधीच बंद झालंय. पण आमच्या वाडीत आणखी दोन घरांत असाच फोटो आहे. वेगळी माणसं, पट्टी हीच. म्हणून सगळे म्हणतात, तिघे एकाच कंपनीत होते. मोठी कंपनी. आमच्याकडे नावच पडलंय, तांबड्या पट्टीची कंपनी. हिचा घरवाला तांबड्या पट्टीत होता म्हटलं की अजून लोक मान देतात आईला."

"मग त्या दोघांना विचारायचंस."

"एक वारले. दुसरे आमचे शेजारीच. त्यांना विचारलं की नुसते हसतात आणि आंब्याचं काय झालं विचारतात."

ती ह्या नोकरीला आलीच मुळी त्या कंपनीसाठी. सुट्टीच्या दिवशी मोठ्या हॉटेलांच्या, बँकांच्या दारात उभी राहायची आणि आत-बाहेर करणाऱ्या माणसांचे गळे बघायची. एकदा वॉचमनने हटकलं तेव्हा त्याला बापाचा फोटो दाखवला होता.

"कंपनी सापडून काय करणार आहेस?" मी विचारलं. माझा सूर जरा कडकच होता. मला बाईमाणसाचं रडणं सहन होत नाही आणि ते जवळ आलेलं दिसत होतं.

"त्यांच्याबरोबर काम केलेला एक माणूस हवाय मला. एकच. ज्याच्याशी ते बोलले असतील असा." तिने फोन बॅगेत टाकला. "काका, मी त्यांचा आवाज ऐकलेला नाही. कसे बोलायचे, काय बोलायचे, काही माहीत नाही. आई म्हणते गोड बोलायचे. मेलेल्या नवऱ्याबद्दल सगळ्या बायका तेच म्हणतात. मला त्यांचं एक वाक्य पाहिजे. कसलंही चालेल. मग मी कंपनीचं नाव काढणार नाही."

सांगावं की गिळावं? गिळायचं तर ती उद्यापासून पुन्हा गळे बघत हिंडणार. सांगायचं तर हिच्या आईला वाडीत मिळणारा मान माझ्या दुकानातल्या खिळ्याला टांगला जाणार. मी बराच वेळ दिव्याची वायर गुंडाळत बसलो. शेवटी बोललो.

"कंपनी नाही, बाळ. पट्टी ह्या दुकानाची आहे. एकच होती. जो यायचा त्याच्या गळ्यात बांधायचो, फोटो झाला की काढून घ्यायचो."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मी कोट उचलून दाखवला. पाठीला तो उभा फाडलेला होता, जाड माणसालाही बसावा म्हणून. फोटोत पाठ कुठे दिसते? तिने त्या फटीतून हात घातला आणि तो दुसरीकडून बाहेर आलेला बघत राहिली.

"म्हणजे अख्खी वाडी..."

"तुझी वाडी, तिच्या शेजारची वाडी, झालंच तर चिपळूण, खेड, संगमेश्वर. कंपनी खरंच मोठी होती."

"आणि आमचे शेजारी म्हणून हसतात!"

"हसतील नाहीतर काय करतील? घेतलेलं सोंग शेवटपर्यंत वठवावंच लागतं."

ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. मी पाण्याची बाटली पुढे केली. रडणं थांबेपर्यंत मी पडद्यावरची कारंजी बघत होतो. कुणा नवशिक्याने रंगवलेली होती; पाणी वर जायच्या ऐवजी आडवं चाललेलं.

"म्हणजे बाबा इथे आले होते," ती नाक पुसत म्हणाली. "ह्या दुकानात."

"आले होते. ह्या स्टुलावर बसले असणार. स्टूल तेच आहे."

"आणि पट्टी तुम्ही बांधलीत."

"सगळ्यांना मीच बांधायचो."

"मग ते तुमच्याशी बोलले असतील!" तिचा चेहरा असा काही उजळला की मला स्टुडिओतून पळून जावंसं वाटलं. "काय बोलले? आठवा ना काका. विठ्ठल आग्रे. सावळे होते. उंच होते, आई म्हणते."

थाप मारायला मला काय अवघड होतं? विठ्ठल ना, हसरा माणूस, तुझं नाव सारखं काढायचा. एवढं म्हटलं असतं तर पोर पायाला हात लावून गेली असती. जन्मभर मी खोट्या कोटात खरी माणसं बसवली, मग ह्या एका खोट्याने काय बिघडणार होतं? पण ती एक वाक्य मागत होती. आणि मी दिलं असतं ते वाक्य माझं असतं, त्या माणसाचं नसतं. बापाच्या नावावर दुसऱ्याचं बोलणं खपवायचं, हे मला जमेना.

"नाही आठवत," मी म्हटलं.

"थोडंसुद्धा?"

"शुक्रवारी इथे रांग लागायची, बाळ. मी फक्त गळे बघायचो. तोंड बघायचं काम जमालुद्दीनचं, तो कॅमेऱ्यामागे असायचा."

ती स्टुलावर बसली. हात मांडीवर, मान खाली. "खोटं बोलला असतात तरी चाललं असतं मला," ती म्हणाली.

एसी घरघरत होता. मला तिच्या बापाचा राग आला. एक वाक्य मागे ठेवून जायला काय झालं होतं त्या माणसाला? मग माझाच राग आला. खिळ्यावरची पट्टी काढून मी तिच्यापुढे धरली. "ही घेऊन जा. नाहीतरी उद्या कचऱ्यातच जाणार आहे."

तिने ती हातात घेतली, नाकाला लावली. काय वास येणार होता? डांबराच्या गोळ्यांचा आणि सगळ्या तालुक्याच्या तेलाचा. तिने मान हलवली.

"ही बाबांची कुठे आहे? ही सगळ्यांची आहे." मग म्हणाली, "तुम्ही घाला ना एकदा."

"मी? मी कशाला?"

"मी लहानपणापासून ही बघतेय, पण माणसाच्या गळ्यात कधी बघितली नाही. बघू दे ना. मी बांधते, तुम्ही सांगा कशी ते."

बरं म्हणालो. नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. मी स्टुलावर बसलो, ती समोर उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या स्टुलावर गिऱ्हाईक म्हणून बसत होतो, आणि दिवे डोळ्यांत एवढे जातात हे तेव्हा कळलं. "मागून वेढा घे. उजवं टोक लांब ठेव. आता वरून टाक, खालून वर काढ. ओढ. आणखी. सैल राहिली तर फोटो निघेपर्यंत घसरते." पोरगी नर्स. बँडेजं बांधून हात तयार झालेला. तिने दोन्ही टोकं धरून अशी काही ओढली की माझा श्वास अडकला.

"अगो, वायच ढिला कर गो, जीव घुसमटतो माझा!"

माझ्या कानांना माझाच आवाज ओळखू येईना. मी संगमेश्वरचा. पण आई गेल्यापासून ही भाषा माझ्या तोंडून आली नव्हती. दुकानात हिंदी, फहादशी तोडकंमोडकं अरबी, मराठी कुणी भेटलंच तर पुस्तकातलं, 'वायच'च्या जागी 'जरासं'. आणि हे वाक्य कुठून आलं? गळ्यातून आलं. गळा आवळला की दुसरं काही येतच नाही.

आणि मला आठवलं. त्या माणसाचा चेहरा नाही आठवला, खोटं सांगणार नाही. पण हे वाक्य आठवलं. पट्टी आवळली की स्टुलावरचा प्रत्येक माणूस हेच म्हणायचा. साहेब दिसायच्या तयारीने आलेला, श्वास रोखून, छाती काढून बसलेला; पट्टी आवळली की पटकन गावाकडचा व्हायचा. वायच ढिला करा ओ, जीव घुसमटतो. जमालुद्दीनला मराठीतलं तेवढंच येत होतं. गंमत म्हणून तोही कॅमेऱ्यामागून ओरडायचा, 'वायच ढिला!'

"थांब," मी तिला म्हटलं. तिचे हात तसेच माझ्या गळ्याशी होते. "तुझे बाबा काय बोलले ते मला ठाऊक आहे."

तिच्या डोळ्यांत शंका होती. असणारच. मी तिला सगळं सांगितलं, जसं आता सांगितलं तसं. "माझ्याकडे एकही माणूस असा आला नाही जो हे बोलला नाही. गवंडी असो, ड्रायव्हर असो. तुझे बाबा ह्या स्टुलावर बसले, मी ही पट्टी आवळली. म्हणजे ते हे बोललेच."

"परत म्हणा," ती म्हणाली.

"वायच ढिला करा ओ, जीव घुसमटतो."

"परत." तिने फोन काढून माझ्या तोंडाशी धरला. मी पुन्हा म्हटलं. मला वाटलं होतं मला लाज वाटेल, पण नाही वाटली. तिने ते आईला पाठवलं आणि आम्ही दोघं त्या फोनकडे बघत बसलो. मी तर पहिल्यांदाच कुणाबरोबर असा वाट बघत बसलो होतो.

उत्तर आलं. आधी नुसता कोंबडीचा आवाज, कुणीतरी भांडी सरकवल्याचा आवाज. मग तिची आई.

"आवाज त्यांचा नाय गो. पन बोलनं त्यांचाच हाय. वायच, वायच करायचं सारखं. भात वाढायला गेलं तरी वायच. कुनी सांगितलान तुला?"

रंजिताने ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना ओठ हलवून तिने बापाचं वाक्य स्वतः म्हणून पाहिलं, हळूच, परक्या घरातली वस्तू उचलून बघावी तसं. कंपनीबद्दल आईला काय सांगणार, हे मी विचारलं नाही. तीही बोलली नाही.

मग तिला एकदम घड्याळ दिसलं. "बापरे, शिफ्ट!" मी घाईघाईने दिवे नीट केले, तिचा लायसन्सचा फोटो काढला. डोळे सुजलेले आलेत म्हटलं तर म्हणाली असू दे. कॉप्या पाकिटात घालून दिल्या. शटरखालून वाकताना तिने मागे वळून "येते हं काका" म्हटलं, आणि उन्हात दिसेनाशी झाली. तिच्या बोलण्याचा आवाज अजून दुकानात होता. नंतर तोही नव्हता.

मी कपाट रिकामं केलं. कारंजी, गुलाबं, कोट, सगळं पोत्यात भरलं. हात धुवायला आरशाशी गेलो तेव्हा दिसलं की पट्टी माझ्या गळ्यात तशीच आहे. पोरीने घट्ट बांधली होती. तांबडं चांगलं उठून दिसत होतं, कॉलर झाकली गेली होती, गळ्याच्या सुरकुत्या झाकल्या गेल्या होत्या. मी, संगमेश्वरचा प्रवीण, मोठ्या कंपनीतला. मी स्टुलावर बसलो, श्वास घेतला तर तो अर्धाच आत गेला.

"वायच ढिला करा ओ," मी म्हटलं. चांगलं मोठ्याने म्हटलं.

एसी चालू होता. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवून गेलं. मी थोडा वेळ तसाच थांबलो, आणि मग माझ्याच हातांनी गाठ सैल केली.